अर्थ हरवलेला दिवा

गाडीत बसल्यावर डॅशबोर्ड दिसतो, हेडलाइटचा झोत दिसतो, बॉनेटवरचा ओरखडासुद्धा दिसतो. मागचा दिवा मात्र चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो गेल्याचं कळतं मागून येणाऱ्याला, आणि तेही बहुतेक वेळा उशिरा. म्हणूनच जुन्या लँड रोव्हरच्या किंवा जीपच्या मागच्या दिव्यांची दुरुस्ती वर्षानुवर्षं ‘बल्ब बदलला, लागला’ एवढ्यावरच भागवली जाते. बल्ब बदलताना होल्डर थोडा हलतो, आतली पुटं खरवडली जातात, दिवा लागतो आणि वाटतं की बल्बच गेला होता. काढलेला बल्ब फेकण्यापूर्वी कुणी बॅटरीवर लावून पाहत नाही. पाहिला, तर दहातले निदान काही तरी लख्ख पेटतील.

या गाड्यांच्या मागच्या दिव्यांच्या तक्रारी नाना प्रकारच्या असतात, पण बहुतेकींचं मूळ एकच निघतं. करंट दिव्यापर्यंत येतो. त्याला परत जायला वाट नसते. गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ मिळत नाही’. मराठीत हा इंग्रजी शब्द (earth) फारच चपखल बसला आहे. अर्थ गेला की दिवे निरर्थक वागू लागतात. पण त्या निरर्थक वागण्यालाही पक्का हिशोब असतो, आणि तो समजला की अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

आधी गाडीची घडण पाहू. लँड रोव्हर एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीला बर्माब्राइट नावाचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पोलादाची राहिली. विजेसाठी त्या काळच्या बहुतेक गाड्यांसारखीच युक्ती: दिव्यापर्यंत एक वायर न्यायची आणि परतीचं काम गाडीच्या धातूवर सोपवायचं. निम्मी तार वाचते. नवी गाडी असताना हे उत्तम चालतं. पण बॉडीचे पत्रे रिव्हेटने आणि बोल्टने जोडलेले, मधे रंगाचे थर, ॲल्युमिनियमला पोलाद टेकलेलं, आणि वरून चिखल-पाणी. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांची आपोआप एक छोटी बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी दिसते ती हीच. शिवाय ॲल्युमिनियमवर हवेने जो ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तो वीज जाऊ देत नाही. म्हणजे दिव्याच्या बोल्टपासून बॅटरीपर्यंतची परतीची वाट ही एक सलग वाट नसून आठ-दहा सांध्यांची साखळी असते, आणि प्रत्येक सांधा दरवर्षी थोडा थोडा बिघडत असतो.

आता लक्षणं. मागच्या दिव्यात साधारणपणे दोन फिलामेंटचा एकच बल्ब असतो: ५ वॅटचं फिलामेंट टेलसाठी, म्हणजे रात्री सतत लागणाऱ्या मागच्या उजेडासाठी, २१ वॅटचं ब्रेकसाठी. दोन्ही फिलामेंटचं एक टोक बल्बच्या पितळी टोपीला जोडलेलं, आणि ती टोपी होल्डरमार्फत अर्थला. समजा डाव्या दिव्याचा अर्थ पूर्ण तुटला. टेल लाइट लावला. करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून टोपीत येतो, पुढे वाट नाही, म्हणून २१ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो, तिथून उजव्या दिव्याच्या ब्रेक फिलामेंटमध्ये आणि तिथून उजवीकडच्या चांगल्या अर्थला. ५ वॅटच्या गरम फिलामेंटचा रोध सुमारे २९ ओहम; २१ वॅटचं थंड फिलामेंट एका ओहमच्याही आत. त्यामुळे जवळपास सगळा दाब (व्होल्टेज) ५ वॅटच्या वाट्याला येतो आणि डावा टेल लाइट अगदी ठणठणीत पेटतो. पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

मग ब्रेक दाबला. आता ब्रेकच्या वायरीतही १२ व्होल्ट आले. ५ वॅटच्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून त्यातून करंटच नाही. डाव्या बाजूला ब्रेकचा उजेड तर येत नाहीच, असलेला टेल लाइटही विझतो. ‘ब्रेक मारला की दिवा जातो’ ही तक्रार ऐकली की ब्रेक स्विचकडे धावू नये. अर्थ पाहावा.

तिसरं लक्षण आणखी गमतीचं. दिवसा, सगळे दिवे बंद असताना ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डचे बारके दिवे किंवा पुढचे पार्किंगचे दिवे मिणमिणले, तर मागे कुठेतरी अर्थ नाही. ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा फिरून टेलच्या वायरीत घुसतो आणि त्या वायरीवरच्या इतर सगळ्या दिव्यांतून जमिनीकडे वाट शोधतो. जिथे इंडिकेटरही त्याच पत्र्यावर बसलेला असतो, तिथे इंडिकेटर लावला की टेल लाइट त्याच्या तालावर लुकलुकतो. हीही तीच गोष्ट.

अर्थ पूर्ण तुटला तर एवढं स्पष्ट दिसतं. अर्धवट तुटला, म्हणजे सांध्यात एखाद-दोन ओहम रोध आला, तर फक्त दिवा मंद होतो. आणि मंद दिवा ही गोष्ट डोळा फार लवकर स्वीकारतो. साध्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनच्या घाताने बदलतो. दाब १० टक्के कमी झाला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. १२ ऐवजी १० व्होल्ट पोचले तर उजेड जेमतेम निम्मा उरतो. ‘जुन्या गाडीचे दिवे असेच असतात’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजावं. त्या काळीही ते एवढे मंद नव्हते.

मोजायचं कसं, यात बहुतेकांची गफलत होते. मल्टिमीटर ओहमवर लावून वायर तपासली, शून्य आलं, वायर चांगली, असा निष्कर्ष काढला जातो. मीटर तपासताना अगदी नगण्य करंट सोडतो. वायरीतले तेरा धागे तुटून एकच उरला असला तरी तो शून्याच्या आसपासच दाखवणार. खऱ्या भाराखाली, पावणेदोन अँपिअर वाहताना, तोच सांधा बराच व्होल्टेज गिळू शकतो. म्हणून दिवा पेटलेला असतानाच मोजावं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थ बाजूच्या टर्मिनलवर, चासीवर नव्हे, थेट बॅटरीच्या खुंटीवर. दुसरं टोक बल्बच्या पितळी टोपीवर. दिवा लावा, ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर परतीची वाट चांगली आहे. अर्धा व्होल्ट असेल तर काम काढावं लागेल. एक-दोन व्होल्ट असतील तर दोषी सापडला. मग टोपीवरचं टोक क्रमाने सरकवत न्यायचं: होल्डर, दिव्याचं बूड, बोल्ट, बॉडीचा पत्रा, चासी. ज्या दोन जागांच्या मधे आकडा एकदम पडतो, तिथे सांधा सडलेला आहे. डोक्याला ताप नाही, अंदाज नाही.

येण्याच्या बाजूलाही हाच प्रयोग: एक टोक बॅटरीच्या दुसऱ्या खुंटीवर, दुसरं बल्बच्या बुडाच्या बिंदूला येणाऱ्या कॉन्टॅक्टवर. इथे स्विच, फ्यूज, चार-पाच कनेक्टर आणि काही मीटर वायर असल्याने अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यावं. त्याहून जास्त असेल तर पुन्हा पायरीपायरीने मागे जावं.

मीटर नसेल तरी अडत नाही. २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी, टोकांना मगरी क्लिप. निऑनवाल्या किंवा बारक्या दिव्याच्या टेस्टरपेक्षा हा लाख पटीने खरं बोलतो, कारण तो पावणेदोन अँपिअर मागतो. दुसरी हत्यारासारखी वस्तू म्हणजे पाच मीटरची जाड वायर, दोन्ही टोकांना क्लिप. एक टोक बॅटरीच्या अर्थला, दुसरं दिव्याच्या बुडाला. दिवा उजळला तर बाकी काही शोधायची गरज नाही.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट पाहून घ्यावी. सिरीज लँड रोव्हरमध्ये साधारण १९६७ पर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला असे, नंतर निगेटिव्ह. साध्या बल्बला याने काही फरक पडत नाही. मीटरवर फक्त उणे चिन्ह दिसतं. पण एलईडी, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी), चार्जर यांना पडतो, आणि मोठा पडतो. मधल्या काळात कुणी मालकाने अर्थ उलटाही केलेला असू शकतो. म्हणून वर्षावर विसंबू नये; बॉनेट उघडून कोणती केबल चासीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहावं.

अर्थ दुरुस्तीचे दोन मार्ग. पहिला, जुना सांधा साफ करणं. बोल्ट काढा, वायसरखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, पंधरा-वीस मिलिमीटरचं वर्तुळ पुरे. दातेरी वायसर घाला. तिचे दात ऑक्साइडचा थर फोडून धातूत रुततात. घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं केलं तरी दात रुतल्याने चालतं, पण आधी रंग आणि मग बोल्ट हे मात्र कधीच नको.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: बॉडीच्या पत्र्यावर विश्वासच ठेवायचा नाही. प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून स्वतंत्र काळी वायर काढायची, सगळ्या मागच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या दांडीवर, पोलादाच्या एका सहा मिलिमीटरच्या बोल्टवर आणायच्या, आणि तिथून एक जाड वायर थेट पुढे बॅटरीच्या अर्थपर्यंत. जाडी किती? एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. पाच मीटरला ०.०९ धरू. दोन्ही ब्रेकचे दिवे मिळून साडेतीन अँपिअर, म्हणजे सुमारे ०.३ व्होल्टचा घट. दिव्यापासून बोल्टपर्यंतच्या तुकड्यांना ही वायर पुरते, पण मागून पुढे येणाऱ्या सामायिक वायरीवर ब्रेक, टेल, इंडिकेटर सगळ्यांचा भार पडतो, म्हणून ती दोन ते अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. ब्रिटिश मापात ज्यावर २८/०.३० लिहिलेलं असतं ती वायर दोन चौरस मिलिमीटरची. इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी या जाड पट्ट्या त्याच वेळी काढून साफ कराव्यात. त्या सैल असतील तर मागे केलेली सगळी मेहनत पाण्यात.

सहा व्होल्टच्या गाड्यांत, म्हणजे युद्धकाळातली विलिस किंवा त्यानंतरची पहिली नागरी जीप, हे गणित फार कडक होतं. त्याच वॅटला करंट दुप्पट लागतो, म्हणून त्याच वायरीत घट दुप्पट, आणि मुळात दाब निम्मा. टक्क्यांत पाहिलं तर तोटा चौपट. बारा व्होल्टची गाडी जो सडका सांधा पचवते, तो सहा व्होल्टच्या गाडीला आंधळं करतो.

होल्डरकडे वळू. यात तीन रोग. एक, आतल्या इन्सुलेटिंग चकतीखालची स्प्रिंग गंजून मऊ पडते आणि बुडाचे कॉन्टॅक्ट बल्बला नीट दाबत नाहीत. खड्ड्यात दिवा लुकलुकतो, सपाट रस्त्यावर शहाण्यासारखा वागतो. दोन, बल्बच्या बुडाचे सोल्डरचे ठिपके दाबून चपटे होतात, मधे बारीक फट राहते, ठिणग्या उडतात आणि काळा खड्डा पडतो. बल्ब चांगला असेल तर त्या ठिपक्यावर सोल्डरचा एक थेंब चढवला की भागतं. तीन, होल्डरच्या खाचा झिजतात. दोन फिलामेंटच्या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, तो उलटा बसू नये म्हणून. खाच झिजली की तो जबरदस्तीने उलटाही बसतो, आणि मग टेल प्रखर, ब्रेक मंद. असं दिसलं तर वायरी अदलाबदल करण्याआधी बल्ब काढून फिरवून पाहावा. आतून साफ करायला बारीक वायर ब्रश किंवा पेन्सिलीला गुंडाळलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग कॉन्टॅक्ट क्लीनर, मग साधं व्हॅसलीन किंवा डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पुसटसं. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही. कॉन्टॅक्टच्या टोकांवरून ते दाबाने बाजूला सरतं आणि भोवती पाणी येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. होल्डरचा पत्रा मुळापासून सडला असेल तर घासत बसू नये, बदलावा.

दिव्याला येणाऱ्या वायरींचे रंग हे या गाड्यांचं एक सुख आहे. लुकास या ब्रिटिश विद्युत-सामान बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत काळी म्हणजे अर्थ, लाल म्हणजे टेल आणि पार्किंग, हिरवीवर जांभळी रेघ म्हणजे ब्रेक, हिरवीवर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरवीवर पांढरी रेघ उजवा. पन्नास-साठ वर्षांच्या उन्हा-तेलाने लाल आणि तपकिरी एकसारख्या दिसू लागतात. तेव्हा कनेक्टरच्या रबराखालचा झाकलेला भाग पाहावा, तिथे मूळ रंग टिकलेला असतो. बुलेट कनेक्टरमधली पितळी नळी आतून हिरवी-काळी पडलेली असेल तर नवी घालावी. त्या नळ्या क्षुल्लक असतात आणि त्रास मात्र मोठा देतात.

आता ब्रेकचा दिवा दोन्ही बाजूंनी लागत नाही, टेल मात्र ठीक आहे, अशी अवस्था. इथे स्विचकडे जाणं योग्य. जुन्या मॉडेलांत ब्रेकच्या पाइपलाइनवर बसवलेला हायड्रॉलिक स्विच असतो. तेलाचा दाब वाढला की आतला पडदा कॉन्टॅक्ट जुळवतो. इग्निशन चालू करून, कारण ब्रेकचा पुरवठा बहुधा इग्निशनमधून येतो, स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर स्विच गेला. असे स्विच एकदम मरत नाहीत; आधी हलक्या ब्रेकला दिवा लागेनासा होतो, पाय जोरात रोवला तरच लागतो. उतारावर हळूहळू ब्रेक धरून येणाऱ्या गाडीसाठी ही सगळ्यात धोकादायक अवस्था. नवा स्विच बसवताना आटे जुळतात का ते जुना शेजारी धरून पाहावं. निमुळत्या आणि सरळ आट्यांचे स्विच दिसायला सारखे असतात. स्विच काढला की तेल गळणार आणि हवा शिरणार, म्हणून ब्रेकची हवा काढण्याची तयारी ठेवूनच पाना लावावा. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवावं, नाहीतर रंग उतरतो. हे स्विच मुळात फार करंटसाठी बनलेले नाहीत. ट्रेलर लावला की २१ वॅटचे चार दिवे, ८४ वॅट, सात अँपिअर. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत एक साधा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच) घातला तर स्विचमधून रिलेपुरताच करंट जातो आणि तो कितीतरी जास्त टिकतो.

अमेरिकी सीजे, म्हणजे नागरी, जीपमध्ये एक वेगळी गोम आहे. तिथे ब्रेक आणि इंडिकेटर यांना एकच फिलामेंट वापरलेलं असतं, आणि ब्रेकचा करंट मागे जाण्याआधी स्टिअरिंगवरच्या इंडिकेटर स्विचमधून जातो. डावा इंडिकेटर लावला की स्विच डाव्या दिव्याचा ब्रेकशी संबंध तोडून त्याला फ्लॅशरशी जोडतो. उजवा ब्रेकवरच राहतो. म्हणून एका बाजूचा ब्रेक लागत नाही, पण त्याच बाजूचा इंडिकेटर व्यवस्थित चालतो, असं दिसलं तर बल्ब, वायर आणि अर्थ तिन्ही निर्दोष. इंडिकेटर स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. दांडा दोन्हीकडे वीस-पंचवीस वेळा जोरात फिरवून मधे आणला आणि ब्रेक लागला तर निदान पक्कं. लँड रोव्हरवर हात बसलेला माणूस जीपकडे आला की इथे हमखास चकतो. बल्बही निराळा: अमेरिकी ११५७ साधारण २७ आणि ८ वॅटचा, युरोपी २१ आणि ५ चा. बूड तेच असल्याने एकमेकांत बसतात, पण जास्त वॅटचा बल्ब लहान दिव्यात घातला तर भिंग तापतं.

वायर कुठे मरते? लँड रोव्हरमध्ये मागचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, चासीच्या पोकळ दांडीतून जातो. वरून सुरक्षित वाटतो, पण आत चिखल साठतो, आणि जिथे तो बाहेर पडतो तिथली रबरी बुशी कडक होऊन गळून पडते. मग पोलादाची धारदार कड वर्षानुवर्षं इन्सुलेशन कातत राहते. कधी शॉर्ट, कधी नाही. नवा हार्नेस घालायचा असेल तर जुना ओढून काढण्याआधी त्याच्या शेपटाला एक मजबूत दोरी बांधा. जुना निघेल तशी दोरी आत जाईल, आणि तिच्याच मागे नवा ओढता येईल. ही साधी गोष्ट विसरली की तारेचा आकडा घेऊन दांडीत तासभर मासेमारी करावी लागते. जोड लावताना पत्र्याच्या पात्याने वायरला चावा घेणारे स्कॉचलॉक पद्धतीचे क्लिप आडरस्त्याच्या गाडीला लावूच नयेत. त्या चाव्यातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं होतं. चांगल्या क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबलेला जोड, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. सोल्डर केलं तरी चालतं, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते, म्हणून त्या जागेच्या पुढे-मागे वायर क्लिपने बांधलेली हवी.

फ्यूजबद्दल थोडक्यात. कित्येक जुन्या गाड्यांत टेल लाइटच्या वायरीला मुळातच फ्यूज नव्हता. शॉर्ट झाला की हार्नेसच फ्यूजचं काम करतो. टेल, पार्किंग आणि नंबर प्लेटचे दिवे मिळून अडीच अँपिअरच्या आसपास जातात. स्विचनंतर पाच अँपिअरचा फ्यूज घालावा, आणि जमलं तर डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा, म्हणजे एक उडाला तरी गाडी मागून पूर्ण अंधारी होत नाही. ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा आकडा वितळण्याचा असतो. सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी, साडेसतरा. दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे सतत वाहण्याचा आकडा लिहिलेला, ३५ चा फ्यूज त्या जागी घातला तर संरक्षण अर्धं झालं.

ट्रेलरचं सात पिनांचं सॉकेट असेल तर कुठल्याही तपासणीच्या आधी ते सुटं करावं. चिखलपाण्याने भरलेलं सॉकेट टेलचा करंट इंडिकेटरला आणि इंडिकेटरचा ब्रेकला वाटत बसतं. आणि त्यात एक सापळा आहे. त्या सॉकेटच्या युरोपी पद्धतीत पांढरी वायर अर्थ, काळी डावा टेल, तपकिरी उजवा टेल, लाल ब्रेक, पिवळी डावा इंडिकेटर आणि हिरवी उजवा. गाडीत मात्र काळी म्हणजे अर्थ आणि लाल म्हणजे टेल. रंगाला रंग जोडणारा भाबडा माणूस टेलची वायर थेट अर्थला जोडून बसतो. फ्यूज नसलेल्या गाडीत पुढचं दृश्य धुराचं असू शकतं.

एलईडी लावायचे असतील तर लाल भिंगामागे लाल एलईडीच लावावेत. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लालचा वाटा कमी असतो. भिंग तो तेवढाच पार सोडतं, आणि दिवा गुलाबी, फिका दिसतो. पण ज्या दिव्याच्या तळाच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेट उजळते, तिथे लाल लावला तर प्लेट लाल. बाजूंनाही प्रकाश टाकणारे एलईडी घ्यावेत; फक्त समोर पाहणारा एलईडी मागच्या परावर्तकाला वाऱ्यावर सोडतो आणि मधे एक प्रखर ठिपका तेवढा दिसतो. टेल आणि ब्रेक यांतला फरक उन्हातही उठून दिसतो का, ते दहा-पंधरा पावलं मागे जाऊन तपासावं. तारेच्या गरमीवर चालणारे जुने फ्लॅशर ४२ वॅटच्या भारावर बेतलेले. एलईडीच्या दोन-तीन वॅटवर ते नीट टिकटिकत नाहीत किंवा हलतच नाहीत. तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत साधा एलईडी पेटतच नाही. माझं मत विचाराल तर, अर्थ नीट केलेल्या गाडीत साधे बल्ब इतके चांगले चालतात की एलईडीची गरज बहुतेकांना वाटणार नाही. मंद दिव्यावर उपाय म्हणून एलईडी लावणं म्हणजे सडलेला सांधा तसाच ठेवून त्याच्यावर पांघरूण घालणं.

राहिलं पाणी. दिव्यात पाणी शिरतं ते सडलेल्या गास्केटमधून, मागच्या वायरीच्या भोकातून, आणि ओढा ओलांडताना. तापलेल्या दिव्यातली हवा गार पाण्यात एकदम आकसते आणि पाणी आत ओढते. गरम काचेवर ते पडलं तर बल्ब फुटतो. म्हणून खोल पाण्यात उतरण्याआधी दिवे बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलेलं बरं. काहीजण भिंगाभोवती सिलिकॉन थापून दिवा हवाबंद करतात. तो हवाबंद कधीच होत नाही. पाणी शिरतं आणि बाहेर मात्र येत नाही. बऱ्याच जुन्या दिव्यांच्या तळाला एक बारीक भोक असतं, पाणी निघून जाण्यासाठी. दिवा बसवताना ते खालीच येईल असं पाहावं आणि चिखलाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करावं. भिंगाचे स्क्रू हाताने टेकेपर्यंत आणि वर पाव फेरा, बस. जास्त आवळलं की प्लॅस्टिकला कोपऱ्यातून तडा जातो. धुण्यासाठी साबणाचं कोमट पाणी. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन लावलं तर ॲक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पसरतात. ओरखडे असतील तर आधी १००० आणि मग २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून प्लॅस्टिक पॉलिश. उन्हाने फिकटलेला लाल रंग मात्र कशानेही परत येत नाही. आतला परावर्तक काळवंडला असेल तर चकचकीत पांढरा रंग दिला तरी उजेडात बराच फरक पडतो. बल्बची टोपी जिथे टेकते त्या जागेवर चिकटपट्टी लावून मगच रंग मारावा, नाहीतर इतक्या खटपटीने परत आणलेला अर्थ रंगाच्या एका फटकाऱ्यात पुन्हा जाईल.

सगळं जोडून झालं की अंधार पडल्यावर गाडी उलटी नेऊन फिकट भिंतीपासून दोन-तीन हातांवर उभी करावी. टेल लावा, आरशातून भिंतीवरचे दोन लाल डाग पाहा. दोन्ही सारखे हवेत. ब्रेक दाबा, दोन्ही एकदम चढले पाहिजेत. ब्रेक धरूनच डावा इंडिकेटर, मग उजवा, मग मागे घेण्याचा गिअर. इंडिकेटर स्वतः लुकलुकणार, सीजेसारख्या गाडीत त्या बाजूचा ब्रेकही, पण बाकीचा एकही डाग त्या तालावर हलता कामा नये. मग इंजिन चालू ठेवून मागच्या बंपरवर उभं राहून गाडी दोन-चारदा दणदणीत हलवावी, आणि दुसऱ्याने भिंतीकडे बघत राहावं.